गोल ते विहीर

माझा धाकटा भाऊ ऑस्ट्रेलियात असतो. तिथे रानडुकरं पिकांची नासाडी करतात, म्हणून एका शेतकऱ्याच्या परवानगीने तो त्याच्या जमिनीवर शिकारीला जातो. कोरड्या महिन्यांत डुकरं पाण्यापासून लांब जात नाहीत. पाणी सापडलं की निम्मं काम झालं.

"ताई, पाणी तू शोध, डुकरं मी शोधतो. आणि या वेळी तूही ये," तो म्हणाला. नकाशे हेच माझं काम. मीही परदेशातच राहते; इथल्या आंग मो किओ भागातल्या ऑफिसात मी दिवसभर गटारांचे आणि नाल्यांचे नकाशे करते. चार दिवसांसाठी तिकीट काढलं. पुण्याहून जाऊबाई येऊन सासूबाईंजवळ राहणार होत्या. त्यांचं येणं रद्द झालं, तसं माझं जाणंही.

सासूबाईंना हल्ली काही आठवत नाही. दार उघडं दिसलं की लिफ्टने खाली उतरतात आणि आम्ही राहतो त्या चोआ चू कांगच्या एकसारख्या उंच इमारतींमध्ये हरवतात. म्हणून बाहेरच्या लोखंडी जाळीच्या दाराला कायम कुलूप.

तिकीट गेलं तरी घेतलेलं काम होतंच. पावसानंतरची उपग्रहाची चित्रं आधी बाजूला काढली, कारण तेव्हा सगळीकडेच पाणी दिसतं. मग कोरड्या महिन्यांची लावली. गुरांच्या पायवाटा चाकाच्या आऱ्यांसारख्या जिथे जुळतात तिथे पाणी. तिथे निळी खूण.

सासूबाई शेजारी बसून विचारत, "हे कुणाचं रान?"

"दुसऱ्याचं."

"मग आपण का बघतोय?"

मी पुढचं चित्र उघडलं.

अगदी गोल दिसणारी ठिकाणं मात्र मी खोडली. गोल म्हणजे विहीर, आणि विहिरीत डुक्कर कशाला उतरेल?

शनिवारी भावाचा व्हिडिओ कॉल आला. मागे भेगाळलेला चिखल. "ताई, तुझी सगळी तळी आटलीत. ती गोल का खोडलीस?"

"विहिरी आहेत त्या."

"अगं, इथे कुठली विहीर!" त्याने फोन फिरवला. मातीचा गोल बांध घालून जमिनीच्या वर केलेलं, पंपाने भरलेलं तळं होतं ते. बांधाखाली पाणी झिरपत होतं आणि त्या राडीत डुकरांनी लोळून खड्डे केले होते. तो हसत सुटला. "मीपण शहाणा, तू खोडलीस आणि मी न विचारता मान डोलावली. गाव सुटलं, विहीर सुटेना! इथे उभी असतीस तर एका नजरेत कळलं असतं. म्हणून ये म्हणत होतो."

"कुलपात आहे मी," मी म्हणाले. इतक्या मोठ्याने, की सासूबाईंनी टीव्हीवरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं.

तो म्हणाला, "पुढच्या महिन्यात परत येतोय मी इथे. भावोजींना विचारलंस का?"

विचारलं नव्हतं. जाऊबाई झाल्या, शेजारीण झाली, तासांवर येणाऱ्या बाई झाल्या, सगळ्यांना विचारून झालं होतं. नवऱ्याला रजा मिळणार नाही, हे मीच धरून चालले होते.

फोन ठेवला. नवरा आतल्या खोलीत लॅपटॉपवर होता. "पुढच्या महिन्यात चार दिवस आईंना तू सांभाळायचंस," मी म्हणाले.

"बघतो."

आमच्या घरात 'बघतो' म्हणजे नाही. मी दारातून हलले नाही. "आत्ता बघ," म्हणाले.

त्याने माझ्याकडे पाहिलं, हातातलं काम बंद केलं आणि ऑफिसच्या रजेच्या अर्जाचं पान उघडलं.