मशीनही नाही म्हणालं

सावळीराम पगारे, म्हणजे आमचे नाना, नाशिक रोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये एकतीस वर्षं छापील कागद तपासत होते. शाई कुठे पसरली, आकडा कुठे सरकला, हेच दिवसभर बघायचं. निवृत्तीनंतर ती नजर वर्तमानपत्राकडे वळली. रोज संध्याकाळी आमच्या कॉलनीतल्या विहाराच्या वाचनालयात नाना मोठ्याने बातम्या वाचत आणि प्रत्येक बातमीनंतर विचारत, ही छापून कोणाचं भलं होणार? नवं औषध, कोणाचं पक्षांतर, वधारलेला शेअर, सगळ्याला तोच प्रश्न. आम्ही करमणूक म्हणून जायचो. त्यांचा संशय बहुतेक वेळा वाया जायचा. लशीला दोन महिने नावं ठेवून शेवटी गुपचूप ती टोचून घेऊन आले होते.

गेल्या मार्चमध्ये एका नव्या कंपनीची बातमी आली. सुई न टोचता, मशीनवर बोट ठेवलं की एआय रक्तातली साखर सांगतं म्हणे. शेअर महिनाभर चढत होता. शेजारच्या संतोष गुरुजींनीही तो घेतला होता. त्यातच वॉर्डातल्या एका इच्छुक उमेदवाराने विहारासमोर तीन दिवसांचं मोफत शिबिर लावलं.

पहिल्याच दिवशी नानांच्या पत्नी शकुबाई जाऊन आल्या. त्यांना अकरा वर्षांपासून मधुमेह. मशीनने अठ्ठ्याण्णव दाखवले. घरी येऊन त्यांनी गोळ्यांचा डबा माळ्यावर टाकला आणि चहात दोन चमचे साखर घातली.

नानांना ते पटलं नाही. दुपारी तेही रांगेत उभे राहिले. टेबलावरच्या मुलीने आधीपासून शुगर आहे का, असं विचारलं. नाना नाही म्हणाले. आकडा आला शहाण्णव. पंधरा मिनिटांनी ते दुसऱ्या टेबलावर गेले आणि त्याच प्रश्नाला हो म्हणाले. त्याच बोटावर मशीनने एकशे सत्त्याऐंशी दाखवले.

संध्याकाळी त्यांनी विहाराच्या फळ्यावर दोन्ही आकडे लिहिले आणि कसे आले तेही लिहिलं. त्यांना वाटलं होतं, लोक शिबिरवाल्यांना जाब विचारतील. लोकांनी नानांनाच विचारला. संतोष गुरुजी म्हणाले की, समोरच्या पक्षाने बोलायला लावलं असेल. कोणी म्हणालं, रक्त तपासणाऱ्या लॅबकडून कमिशन असणार. मीही घरी निघून आलो. सकाळी फळा पुसलेला होता आणि वाचनालयात नानांच्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली.

घरीही तेच. शकुबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माझ्या भावाच्या लग्नपत्रिकेवरसुद्धा तुम्ही संशय घेतला होता. आता खरं बोलत असाल, तरी मला कळायचं कसं?"

त्या दिवशी नानांनी वर्तमानपत्र उघडलं नाही.

तिसऱ्या दिवशी शकुबाई कोणाला न सांगता पुन्हा शिबिरात गेल्या. या वेळी हो म्हणाल्या. एकशे ब्याण्णव. तिथून सरळ पालिकेच्या दवाखान्यात जाऊन त्यांनी रक्त दिलं. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला, त्यावर दोनशे अडुसष्ट होते. माळ्यावरचा डबा त्यांनी स्वतःच स्टुलावर चढून काढला.

नानांनी विचारलं, पहिल्या दिवशी काय सांगितलं होतंस?

"रांगेत ओळखीच्या बायका होत्या. लाज वाटली. मी नाही म्हणाले, तर मशीनही नाही म्हणालं."

त्या आठवड्यात शिबिराचा फोटो छापून आला आणि शेअर आणखी चढला. संतोष गुरुजी एकदा फाटकापाशी थांबले आणि शकुबाईंचा रिपोर्ट खरा का, असं हळूच विचारून गेले. शेअर विकला की नाही, ते त्यांनी सांगितलं नाही.

शकुबाईंनी मात्र आपला मधुमेह पहिल्यांदाच सगळ्यांसमोर बोलून दाखवला. कॉलनीतल्या नवसाबाई आणि सावित्रीबाई दोघींनी शिबिरानंतर गोळ्या सोडल्या होत्या. सोमवारी शकुबाई त्यांना रिक्षाने दवाखान्यात घेऊन निघाल्या. नाना चपला घालून तयार होते.

"तुम्ही नका येऊ," शकुबाई म्हणाल्या. "तुम्ही दिसलात की यांना पुन्हा शंका येईल."

नाना फाटकात थांबले. रिक्षा वळेपर्यंत तिथेच उभे होते. मग मला म्हणाले, तिकडे फार गर्दी असते, नंबर लावायला लवकर जायला हवं होतं.