पांढऱ्याखालचे ठिपके

माझे भाऊजी रंगाच्या दुकानात शेड बनवतात. गिऱ्हाईक उशीचा अभ्रा नाहीतर फुटक्या फरशीचा तुकडा घेऊन येतं आणि म्हणतं, "अगदी असाच हवा." भाऊजी तो तुकडा दारातल्या उजेडात धरतात, पांढऱ्या बेसचा डबा उघडतात, मशीनमधून जरासा पिवळा सोडतात, कणभर काळा, आणि डबा घुसळून झाकण काढलं की गिऱ्हाईक तोंडात बोट घालतं. हाताला एवढं वळण, पण बोलण्याच्या नावानं आनंदीआनंद. ताई म्हणायची, "आमच्याकडे शब्द रेशनवर मिळतात."

ताई म्हणजे माझी सख्खी बहीण, त्यांची बायको. दोघांच्या वाटचं तीच बोलायची. तिला हॅमस्टरचं वेड होतं, ते मुठीत मावणारे, बुटके. मूलबाळ नाही म्हणून पाळते, असं लोक म्हणायचे. लोकांच्या जिभेला काय, हाड असतं थोडंच? तिला आवडायचे म्हणून पाळायची, बस्स. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली पिंजऱ्यांची रांग, आणि भाजी चिरता चिरता माझी शिकवणी. "प्रत्येक पिल्लाला आईकडून एक रंग मिळतो, बापाकडून एक. एक दिसतो, दुसरा दडून बसतो. दडला म्हणजे गेला नाही हं!" मी जांभया द्यायचे. माझ्या लेखी ते सगळे उंदीरच होते, आणि मी तसं तोंडावर म्हणायचे. ती लाटणं उगारायची.

तिची सगळ्यात लाडकी होती गोधडी. राखी अंगावर पांढऱ्या ठिगळांची मादी. ताईच्या हाताची चाहूल लागली की पिंजऱ्यातल्या चाकावरून उतरून जाळीशी यायची. इतरांना चावायची. मला दोनदा चावली.

मग ताई आजारी पडली आणि बघता बघता गेली. हे मी एका वाक्यात लिहिते, कारण दुसरं लिहवत नाही. भाऊजी रडले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुकानात जाऊन उभे राहिले. घरी आले की पिंजरे साफ करायचे, दाणे घालायचे, पाण्याच्या बाटल्या भरायच्या. पण हॅमस्टरचं आयुष्य ते केवढं! दीड वर्ष, फार तर दोन. एकेक करून गेले सगळे. गोधडीही गेली. उरली ती तिची एक लेक, लाल डोळ्यांची, पांढरीशुभ्र. तिचंही वय होत आलं होतं. अजून थोडे दिवस गेले असते तर तिला पिल्लं झाली नसती, आणि ताईनं वाढवलेलं ते घराणं तिथंच संपलं असतं.

हे भाऊजींना सहन होईना. एका संध्याकाळी मी डबा द्यायला गेले तर पिंजऱ्यात नवा नर. राखी, पांढऱ्या ठिगळांचा. बघणाऱ्याला वाटावं गोधडीच उठून आली.

"हा कुठून आणलात?"

"शोधला," ते म्हणाले. आणि मग, आश्चर्य म्हणजे, आपणहून बोलले. "हिचा पांढरा म्हणजे कोरा बेस. त्यात जो रंग टाकावा तो उतरणार. याची ठिगळं उतरतील. गोधडी परत येईल बघ."

मला कुठं अक्कल होती त्यातली? उलट मला बरं वाटलं. इतक्या महिन्यांनी माणूस लागोपाठ चार वाक्यं बोलला होता.

पिल्लं झाली. पाच. गुलाबी, शेंगदाण्याएवढी. केस आले तसे रंग दिसायला लागले. एक राखी, दोन ठिगळांची, आणि दोन पांढरी. ठिगळांतली एक तर हुबेहूब गोधडी. भाऊजी दुकानातून धावत घरी यायचे. मला फोन करून सांगायचे, आज कान उभे राहिले, आज मिशा दिसल्या. ताई असती तर म्हणाली असती, रेशन वाढलं वाटतं.

मग तिघांचे डोळे उघडले. पांढऱ्या दोघांचे उघडलेच नाहीत. वाट पाहिली, कोमट पाण्याचा बोळा फिरवला. शेवटी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेली. त्यांनी एकेकाला तळहातावर घेतलं, ओठ हलकेच वर केला आणि विचारलं, "यांची आजी कशी होती हो? ठिगळांची, ठिपक्यांची?"

भाऊजींनी होकारार्थी मान हलवली.

"यांना डोळेच नाहीत. दातही नाहीत. हा ठिपक्यांचा गुण आईबापांतल्या एकाकडूनच आला तर गोंडस दिसतो. दोघांकडून आला तर असं होतं. यांची पांढरी आई कोरी नव्हती. ठिपके होते तिच्यात. पांढऱ्यावर पांढरे ठिपके कुणाला दिसणार?"

भाऊजी टेबलाची कड धरून उभे होते. "तुझी ताई म्हणाली होती," ते मला म्हणाले. "दवाखान्यात. पांढरीला एकटीच ठेवा म्हणून. मला वाटलं, भांडखोर आहे, म्हणून म्हणते. मी विचारलंसुद्धा नाही. पांढऱ्याखाली काही असतं हे मला... माझ्या हातून रोज पांढऱ्याचे डबे जातात."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्रास होऊ न देता कायमचं झोपवता येईल. भाऊजींनी दोघांना खिशातल्या रुमालात घेतलं आणि घरी आणलं. आईचं दूध होतं तोवर निभावलं. मग भावंडं दाणे फोडायला लागली आणि ही दोघं दाण्यांवर नुसती हिरड्या घासायची. भाऊजी ब्रशच्या टोकानं पातळ पेज भरवायचे. मी चिडले. "अहो, किती हाल कराल त्यांचे? आणि तुमचे?" ते म्हणाले, "माझ्यामुळं आलीत ती." शेवटी त्यांनाच ते बघवेना. रुमालात घेऊन पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि रिकामा रुमाल घेऊन परत आले.

उरलेल्या तिघांचं पुढं करता आलं असतं. साध्या राखी जोडीदाराला लावा, काही होत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी शपथेवर सांगितलं. मीही डोकं फोडून सांगितलं. भाऊजींनी तीन पिंजरे वेगळे केले आणि नर ज्याचा त्याला परत दिला. हट्ट म्हणजे हट्ट. पांढरी गेली, मग राखी, मग एक ठिगळांचं. गोधडीसारखी दिसणारी सगळ्यात शेवटी गेली.

त्या सकाळी त्यांचा फोन आला. "येतेस का जरा?" मी होते तशी निघाले. पिंजरा धुऊन मोरीत पालथा घातलेला. भाऊजी ओट्याला टेकून उभे.

"संपलं गं," ते म्हणाले. "आता तिच्या हातचं घरात काही उरलं नाही."

आमची आई लवकर गेली, तेव्हापासून मला न्हाऊमाखू घातलं ते ताईनं. वेण्या तिनं घातल्या, पाढे तिनं घोकून घेतले, मार तिचा खाल्ला. मी म्हटलं, "भाऊजी, मी आहे ना. तिच्याच हातची आहे मी."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं, दुकानातला तुकडा उजेडात धरून पाहावा तसं. "हो गं," ते मऊ आवाजात म्हणाले. "आहेस ना." आणि चहाचं आधण ठेवायला वळले. मी कमी पडले होते, ते मला कळलं, आणि मला ते कळलंय हे त्यांनाही कळलं. म्हणून त्यांनी साखर किती घालू असं विचारलं. इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं.