आईचा पुरावा

उंचीने आईच्या वर गेली, पार्लरमध्ये दोन मुली हाताखाली आल्या, तरी घरात ती बारकीच.

लहानपणी तिला इसब होता. कोपरांच्या आत, गुडघ्यांच्या मागे, मानेवर. खाजवून खाजवून चादरीवर रक्ताचे ठिपके पडायचे. आई तिचे दोन्ही हात मुठीत धरून झोपायची आणि म्हणायची, "मोठी झालीस की जाईल." आणि खरंच गेला. शाळा संपता संपता कातडी नितळ झाली.

तेव्हापासून आई या विषयातली जाणकार. इमारतीत कुणाचं मूल खाजवताना दिसलं की त्याच्या आईला घरी बोलवायची आणि लेकीची बाही वर सारायची. "हात लावून बघा. नुसता खरखरीत कागद होता." पाहुणीचा जीव भांड्यात पडायचा.

"आई, तिकीट लाव आता," बारकी म्हणायची.

या वर्षी इसब परत आला. दिवसभर लोकांची डोकी धुवायची. शाम्पू, केसांचे रंग, गरम पाणी. आधी बोटांच्या बेचक्यांत, मग मनगटावर, मग थेट कोपरात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बऱ्याच जणांचा वयाबरोबर कमी होतो. काहींचा राहतो. काहींचा दबून बसतो आणि असं पाण्यातलं काम मिळालं की हातांवर येतो. तुझं काही चुकलेलं नाही."

बारकीने मलम लावलं, कामावर हातमोजे घातले. आईला मात्र सांगितलं नाही. लांब बाह्यांचे कपडे घालू लागली, भांडी घासायची टाळू लागली. "आळशी झालीस," आई म्हणाली. तिने ऐकून घेतलं. आईने इतक्या बायकांना शब्द दिला होता. तो आपल्या हातांनी मोडायचा?

एका रविवारी वरच्या मजल्यावरची नवी शेजारीण आली. कडेवर लहान मुलगी, खाजवू नये म्हणून तिच्या हातांवर पायमोजे चढवलेले.

"रडू नकोस ग," आई शेजारणीला म्हणाली. "बारके, बाही वर कर."

"नंतर, आई."

"नंतर कशाला? लाजतेस काय एवढी?"

शेजारणीचे डोळे सुजले होते. 'माझा गेला' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण ही मुलगी मोठी होईल, तिचा गेला नाही तर आपलंच काहीतरी चुकलं असं तिला वाटेल.

बारकीने बाही वर केली. कोपरात लाल, सोललेला पट्टा.

"मध्ये बरीच वर्षं नव्हता," ती म्हणाली. "हिचा कायमचाही जाईल. आधी कुणालाच सांगता येत नाही."

आई बघतच राहिली. "कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून."

"आणि मी भांड्यांवरून बोलत होते."

"चांगलीच."

"सांगायचं नाही?"

"तू सगळ्यांना शब्द दिला होतास."

आई खुर्चीत बसली. "मला तरी कुठे माहीत होतं जाईल म्हणून? तुला झोप लागावी म्हणून म्हणायचे."

शेजारणीने दबक्या आवाजात विचारलं, "मग मी हिला काय सांगू?"

आईने दोन्ही हात पुढे केले.

"आज काहीच सांगू नकोस. दे इकडे तिला. तू आत जाऊन जरा आडवी हो."

मुलगी आईच्या मांडीवर आली. समोर बारकी बसली होती. तिने बाही खाली ओढली नाही.