मे महिन्यात आटणारा समुद्र

समुद्र न पाहता समुद्रकाठी अख्खं गाव वसवणारी बाई साऱ्या जगात एकच असेल, आणि ती दारव्ह्यात ब्लाउज शिवते. ती माझी आत्या. तिची प्रेमकादंबरी कागदावर नाहीच. मशीन चालवता चालवता ती मोबाइलवर बोलते आणि एकेक भाग आमच्या घरच्या ग्रुपवर पाठवते. आरंभी ‘जय भीम सगळ्यायले’, आणि मागे मशीनची खडखड. ही खडखड म्हणजे लाटा, असं तिने पहिल्याच भागात जाहीर करून टाकल्यामुळे पुढे कोणाला बोलायला जागा राहिली नाही.

गाव समुद्रकाठचं असलं तरी माणसं सगळी आपल्याकडची. नायक सागर मासे धरतो, पण त्याच्या जाळ्यात निघतात रोहू आणि कतला. ते तो आठवडी बाजारात विकतो आणि काळीपिवळी जीपला लटकून घरी येतो. नायिकेचे नाकडोळे कसे आहेत हे अजून कुणालाच ठाऊक नाही. तिच्या ब्लाउजचा गळा, बाही आणि मागची नाडी मात्र दर भागात तपशीलवार येते. समुद्रात कतला नसतो, अशी हरकत माझ्या चुलतभावाने एकदा घेतली. आत्या म्हणाली, “तू जाऊन पाह्यलं काय? मंग आयक चुपचाप.”

माझे बाबा, म्हणजे तिचे थोरले भाऊ, लकवा मारल्यापासून फारसं बोलत नाहीत. पण संध्याकाळचा चहा झाला की मोबाइलकडे बोट दाखवून विचारतात, “आला काय तो?” तो म्हणजे सागर. नायिकेच्या बापाने त्याला समोरच्या बेटावर हाकलून गावातल्या साऱ्या होड्या जाळल्या होत्या. आत्याला त्याची काळजी नव्हती. मे महिन्यात समुद्र आटेल, तळ उघडा पडेल आणि सागर पायात चप्पल घालून चालत येईल, असा तिचा बेत होता. आपल्याकडचे नदी-नाले मे महिन्यात हेच करतात, मग समुद्राने वेगळं का वागावं? “टीव्हीत त्याचं पाणी दाखवतेत,” ती म्हणायची, “त्याचा उन्हाळा थोडी दाखवतेत.”

शेवटचा भाग तेवढा राहिला होता, आणि नेमकी तेव्हाच तिची मुलगी तिला मोठ्या मायेने कोकणात फिरायला घेऊन गेली. तेही ऐन मे महिन्यात. परतल्यावर आत्याने जे पाठवलं त्यात मशीनचा आवाज नव्हता. “तो आटतच नाही,” ती हळूच म्हणाली. “जरासा मांगं सरकते अन् पुन्हा येते. तिथल्या एका बाईले इचारलं, हा कवा आटते, तर ते हासली. आता सागर येईन कसा?”

ग्रुपवर सल्ल्यांचा पाऊस पडला. कोणी हेलिकॉप्टर सुचवलं, कोणी सरकारी पूल. मी फोन करून म्हटलं, “आत्या, एखादी होडी वाचली होती म्हण ना.”

“जाळल्या म्हटलं ना मी. कापलेलं कापड मी जोडत नाही, बाबू. पोहून येऊ शकते तो. पण पोहताना कसं वाटते, हे मले सांगनारं कोनी पाह्यजे.”

खानदानात शोध घेतला. वकील निघाले, मास्तर निघाले, तबला वाजवणारा एक जावईही निघाला, पण पोहता येणारा कोणी निघेना.

बाबा अजून रोज विचारतात. मी नाही म्हटलं की भिंतीकडे तोंड करतात. इतके दिवस मी या कादंबरीला हसत आलो. आता मात्र तो यावा, लवकर यावा, असं मला मनापासून वाटतं. परवा मी यवतमाळच्या पोहण्याच्या तलावावर गेलो. शिकवणाऱ्याने माझ्या पोटाकडे आणि पिकल्या केसांकडे पाहिलं.

“काका, या वयात कायले शिकून राह्यले?”

“आमच्या घरचा एक मानूस तिकडं अडकून आहे,” मी म्हटलं.

काठाला धरून हळूहळू पाण्यात उतरा, एवढंच तो म्हणाला.