दिरांचं रोमन शहर

माझ्या थोरल्या दिरांइतका पोकळ माणूस मी अख्ख्या कुवेतमध्ये पाहिलेला नाही. अबू हलीफा भागात आमच्याच इमारतीत राहतात, बँकेत अधिकारी आहेत. वसईला त्यांचा मामेभाऊ साहाय्यक बिशप झाला आणि दिरांपुढे उभं राहणंच नकोसं झालं. साहाय्यक बिशपला स्वतःचा धर्मप्रांत नसतो, म्हणून चर्च त्याला एखाद्या नामशेष झालेल्या धर्मप्रांताचं नाव देतं. भावाला मिळालं ट्युनिशियातलं एक रोमन गाव. तिथे शेकडो वर्षांत बिशप राहिलेला नाही, हे त्या साध्या माणसाने स्वतः फोनवर सांगितलं होतं. दिरांनी ऐकलं ते एवढंच, की भाऊ रोमन शहराचा बिशप आहे. मग एसी दुरुस्त करायला आलेल्या चिपळूणच्या माणसालाही काम थांबवून ते ऐकावं लागलं.

ईदच्या सुट्टीत दिरांनी आम्हा सगळ्यांना ट्युनिशियातल्या त्या गावी नेलं. बॅगेत शाल आणि नारळ होता. तिथल्या धर्मगुरूंचा सत्कार करायचा होता. तिथे चर्चच नाही, असं माझ्या नवऱ्याने सांगून पाहिलं. तुला काय कळतं, म्हणाले.

गाडीतून उतरलो तर समोर जवाचं शेत, थोडे खांब आणि बाप्तिस्म्याचा फुटका हौद. शेजारी एक म्हातारा पहारेकरी मेंढ्या राखत बसला होता. कुवेतच्या दुकानांत शिकलेल्या मोडक्या अरबीत दिरांनी त्याला बिशपचा बंगला विचारला. म्हाताऱ्याने अदबीने उठून हौद दाखवला.

दिरांचा चेहरा पडला, पण क्षणभरच. त्यांनी म्हाताऱ्याच्या खांद्यांवर शाल घातली, हातात नारळ दिला आणि माझ्या नवऱ्याला फोटो काढायला लावला. म्हातारा छातीवर हात ठेवून आभार मानत होता. फोटो निघाला, तशी त्यांनी शाल काढून घेतली, घडी करून बॅगेत टाकली. नारळही घेतला.

जाऊबाई आजवर त्यांना कधी उलटून बोलल्या नव्हत्या. त्यांनी बॅग उघडली आणि शाल पुन्हा म्हाताऱ्याच्या अंगावर घातली.

"अहो, माणूस आहे तो," त्या म्हणाल्या. "फोटोपुरता नाही."

दीर तरातरा गाडीत जाऊन बसले. कुवेतला पोचेपर्यंत त्यांनी बायकोशी अबोला धरला.

आठवड्याने बिशपांचा फोन आला, दिरांनी तो आम्हा सगळ्यांसाठी स्पीकरवर लावला. तिथे आता कोण राहतं, असं त्यांनी विचारलं. सगळी मोठी माणसं, दीर म्हणाले. जाऊबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, एक पहारेकरी आहे, त्याच्या मेंढ्या आहेत. बिशप म्हणाले, "बरं झालं सांगितलंत, वहिनी. म्हणजे प्रार्थना कुणासाठी करायची ते कळलं."

फोटो मात्र हॉलमध्ये लागलाच. हे तिथले नगराध्यक्ष, असं दीर पाहुण्यांना सांगतात. जाऊबाई चहा ठेवतात आणि आत निघून जातात. आता त्यांना नवऱ्याची कीवही येत नसावी. मला तर कधीच आली नाही.