वेंटच्या चपला

पोलीस ॲक्शननंतर शाळांतली उर्दू गेली, आणि त्याबरोबर शहागंजातल्या आमच्या आपांची मास्तरकीही गेली. मग त्यांनी घरीच इंग्रजीचा वर्ग काढला. मी चितेगावहून शहरात मामाकडे राहायला आलेली शेतकऱ्याची पोर. 'आय डिड नॉट वेंट' हे मी इतक्या ठसक्यात म्हणायचे, की ऐकणाऱ्याला तेच खरं वाटावं.

आपा म्हणायच्या, "डिड घरात बसलाय ना? झालेली गोष्ट सांगणं त्याचं काम है. मग वेंट चपला घालून आत कायको येतो? बाहेर काढ, गो होऊन ये." चुकलं की खरोखरच उठायचं, उंबऱ्याबाहेर जाऊन चपला घालायच्या, काढायच्या आणि बरोबर वाक्य म्हणत अनवाणी आत यायचं. गल्लीतल्या बाया हसायच्या. माझ्या चपलांचे अंगठे तुटले, पण आपांनी सोडलं नाही.

तेवढ्यात वेरूळच्या लेण्यांसाठी सरकार गाईड घेणार असल्याचं कळलं. वडील म्हणाले, "जमलं तर जमलं. नाय तर सोयरीक आलीय, गावाकडं चल." नवरामुलगा मी पाहिला नव्हता. लेणी पाहिली होती, आणि मला लेणीच हवी होती.

मुलाखतीला वडील बाहेर बाकावर बसले. आत मोठ्या साहेबांनी इंग्रजीत विचारलं, लेणी कोरायचं काम इतकी वर्षं चाललं, कारागीर कंटाळून निघून गेले नाहीत?

"दे डिड नॉट वेंट," मी म्हणाले, आणि माझे पाय आपोआप उठले. सरळ दाराबाहेर गेले, चपला काढल्या आणि अनवाणी आत आले. "दे डिड नॉट गो, सर. देअर सन्स केम टू."

साहेब बघतच राहिले. हे काय, म्हणून विचारलं. मी आपांचा कायदा सांगितला, तसे ते डोळे पुसेपर्यंत हसले. "पाहुण्यांना असंच सांगा," म्हणाले. "जन्मात विसरणार नाहीत." निवड तिथल्या तिथं झाली. माझी छाती गजभर फुगली.

बाहेर वडील डोकं खाजवत म्हणाले, "आता सोयऱ्यांना काय सांगू?"

"सांगा, पोरगी वेरूळला गेली."

तशीच शहागंजात गेले. आपा दारातच होत्या. माझं तोंड पाहून त्यांना कळलं. मी सवयीनं चपला काढायला वाकले, तर त्यांनी दंड धरला.

"रहने दे," त्या म्हणाल्या. "आज घालूनच आत ये."