गोधडीचं पोट

बेटा, बदकांच्या खिशांचा तुझा निळा फ्रॉक आता कपाटात नाही. तुझ्या भावाचं पहिलं झबलंही नाही. दोन्ही मी कापली. इकडे आल्यावर शोधाल, म्हणून कारण लिहून ठेवते.

सावली गावची तुमची लहान आजी, म्हणजे माझी धाकटी जाऊ. तिला कॅन्सर झाला. नागपूरला ऑपरेशन झालं, मग केमो सुरू झाली. दोन डोसांत केस गेले आणि तिने तिसऱ्याला नकार दिला.

"त्या एसीच्या हॉलमदी हिव वाजते मले. आता नाई जात."

मध्येच थांबलं तर आजवरचं सोसणं वाया जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण तिच्याशी वाद घालून आजवर कुणी जिंकलेलं नाही. मला शिवता येतं. चंद्रपूरहून नवं सुती कापड आणलं, कागदावर चौकोन आखले, हॉलमध्ये पांघरायला मशीनवर गोधडी शिवली आणि भद्रावतीहून सावलीला घेऊन गेले.

तिने त्यावरून हात फिरवला. "शोरूमवानी शिवली, बाई. पाव्हणे आले का अंथरू." आणि घडी पेटीवर ठेवून दिली.

"अवं, बाईनं आठ दिवस मान मोडली ना!" दीर म्हणाले.

"म्हनूनच जपून ठेवली. तुमाले तर मुळीच नाई देत." मग माझ्याकडे वळून हळू म्हणाली, "नवं कापड टोचते, बाई. अन् ह्याच्यात कोनीच नाई."

मला वाईट वाटलं, पण तिचं खरं होतं. तिथे गोधडी आपल्या माणसांच्या वापरलेल्या कपड्यांचीच होते. मी राहिले. सासूबाईंचं लुगडं निघालं, दिरांचं धोतर निघालं, शेजारणींनी विटलेल्या साड्या आणून दिल्या. अंगणात चार बाजूंना चौघी बसलो. ती ओसरीवर भिंतीला टेकून बघत होती.

"तुमच्या नातवायचं काऊन नाई? दूर राह्यते म्हनून वगळता का त्याह्यले?"

दुसऱ्या दिवशी बसने घरी आले. तुमचे कपडे मी वयाच्या चिठ्ठ्या लावून ठेवले होते. कात्री हातात घेऊन बराच वेळ बसले. मग कापले. तुझा निळा तुकडा तिने उशाकडच्या कोपऱ्याला लावायला सांगितला.

माझे टाके मात्र तिला बघवेनात. "रांग सोडली तुमी, बाई. एवढं इंग्रजी शिकल्या अन् दोरा सरळ नाई!" म्हणत तिने सुई घेतली. औषधाने तिची बोटं बधिर झाली होती. सुई दोनदा पडली. मी उचलून दिली. ती शिवत राहिली.

गोधडी कडेकडून आत टाके भरत नेतात. शेवटी मधोमध तळहाताएवढी जागा मोकळी राहते, ते तिचं पोट. त्यात अन्नाचा कण घालून ते शिवल्याशिवाय गोधडी कुणी पांघरत नाही. तिसऱ्या डोसच्या आदल्या दिवशी तेवढंच उरलं होतं.

"राहू द्या," ती म्हणाली आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजली.

न जायला तिला निमित्त मिळालं, असं मला वाटलं. तरी मी फाइल लावली, रिपोर्ट तारखेप्रमाणे ठेवले, पिशवी दाराशी नेली.

सकाळी ती स्वयंपाकघरातून आली ती मूठ मिटून. घरच्या धानाचे चार तांदूळ तिने त्या पोटात सोडले. सुई धरायचा प्रयत्न केला, जमलं नाही, तेव्हा माझ्या हातात दिली.

"शिवा लवकर, बाई. बस सुटन."

डोळे भरून आले होते, नीट दिसत नव्हतं. नागपूरच्या हॉलमध्ये सलाईन चालू असताना तिने निळा कोपरा हनुवटीपर्यंत ओढून घेतला. अजून डोस बाकी आहेत, पुढचं मला माहीत नाही. मधले ते टाके मात्र अगदी वाकडे आले आहेत. तिचं बोट त्यांवरून फिरताना मी पाहिलं. रांग सोडली म्हणून त्या दिवशी ती मला बोलली नाही.